हवालदारांचे छत्तीस बुटके

हवालदारांना कुणी काहीही नवं सांगितलं की ते एकच शब्द बोलायचे. "कुणाकडनं?" नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "आन् त्याला कुणी सांगितलं?" तीन माणसं मागे गेल्याशिवाय ते मान हलवत नसत. मध्येच धागा तुटला की निकाल ठरलेला. "लंगरची बातमी हाय. सोड गड्या." लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. कुणाची रजा, कुणाची बदली, सगळ्या अफवा तिथेच शिजायच्या. "लंगरच्या बातमीवर तीनदा ट्रंक बांधली मी," ते सांगायचे, "आन् तीनदा सोडली."

साताऱ्यात एका बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत आम्ही दर रविवारी दुपारी जमायचो. टेबलावर थर्माकोलचे डोंगर आणि अंगठ्याएवढ्या पुतळ्यांच्या फौजा, राक्षसांच्या, यक्षांच्या, बुटक्यांच्या. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, लढायचं. हवालदार मूळचे म्हसवडचे, आमच्यातले एकटेच साठी उलटलेले. पलटणीतल्या एका कॅप्टनसाहेबांनी बदलीच्या वेळी शिशाच्या बुटक्यांचा एक डबा त्यांच्याकडे ठेवला, तो परत मागितलाच नाही.

त्या छत्तीस बुटक्यांना हवालदारांनी आपल्या जुन्या सोबत्यांचे चेहरे दिले होते. भिंग लावून, चार केसांच्या ब्रशने, कितीतरी वर्षं बसून. "ह्यो लोणंदचा. भुवईवर टाके हायत बघ. ह्यो झोपंत गाणी म्हणायचा. ह्यो गेला." त्यातले अकरा गेलेले होते. त्या अकरा जणांचे फोटोही कुणाकडे नव्हते.

पण खेळ काढणाऱ्या कंपनीने बुटक्यांची फौज कधीच बंद केली होती. नव्या नियमपुस्तकात ती नाही, म्हणून आमच्या स्पर्धेतही नाही. हवालदार पंच व्हायचे आणि त्यांचे जवान डब्याच्या झाकणावर रांगेत उभे राहून दुसऱ्यांच्या लढाया बघायचे. "एकदा उतरवायचेत मैदानात," ते म्हणायचे. बुटके परत येणार अशी अफवा इंटरनेटवर सारखी उठायची आणि सांगलीहून येणारा अजित ती मुद्दाम त्यांना सांगायचा.

"आवं हवालदार, बुटकं येत्यात म्हणं औंदा!"

"कुणाकडनं?"

"पोलंडच्या एका पोराकडनं."

"त्याला?"

"त्याच्या दुकानदारानं."

"आन् दुकानदाराला?"

"त्याला सपान पडलं!"

सगळे हसायचे. हवालदारही हसायचे, पण उशिरा.

मला या अफवांची चीड होती. चांगली मोठी माणसं एका कंपनीच्या तोंडाकडे बघत जगतात, ती टाकेल तो तुकडा चघळतात, ही मला गुलामी वाटायची. मी तेव्हा पत्रकं काढत असे. पाण्याच्या टाकीबद्दल, एसटीच्या बंद फेऱ्यांबद्दल. हवालदार त्यातलं प्रत्येक जपून ठेवायचे आणि लोकांना सांगायचे, "ही पोरगी छापती ते तपासलेलं असतंय."

अफवा कशी पिकते हे एकदा उघडं करायचं मी ठरवलं. शाडूचा एक बुटका केला, त्याला निळा अंगरखा रंगवला, मुद्दाम हललेला, धूसर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. "नवी फौज. निळी वर्दी. पक्कं." अजितने पाच प्रश्न विचारले. हवालदारांनी एकही विचारला नाही. नुसतं लिहिलं, "जय हिंद."

पुढच्या रविवारी मी वीस पत्रकं छापून नेली. वर शाडूच्या बुटक्याचा स्वच्छ फोटो, खाली मथळा: 'तुम्ही यावर विश्वास ठेवलात!' ती वाटून झाली, हशा सुरू झाला, आणि हवालदार डबा घेऊन आत आले. त्यांनी एकेक जवान काढून थेट टेबलावर उभा केला, झाकणावर नाही. बत्तीस उघडे, राखाडी. चौघांच्या अंगावर निळा रंग. चेहरा एकालाही नव्हता.

"थिनरमधी घातलं," ते म्हणाले. "नवी वर्दी आली की जुनी अंगावर ठिवायची न्हाई. तोंडं सावकाश काढीन. हात जरा हलतोय आताशा."

अजितने पत्रक पाठीमागे लपवलं. पण एक टेबलावरच पडलं होतं. हवालदारांनी चष्मा लावला. सगळं वाचलं, खालचं माझं नावसुद्धा. मग त्याची चौकोनी घडी घालून ती डब्यात ठेवली, तिच्यावर जवान रचले.

"चांगलं लिवलंयस," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर खरं हाय."

त्या दिवशीही पंच तेच होते. एक निर्णयही चुकला नाही. त्यानंतर मात्र ते आले नाहीत.

काही महिन्यांनी कंपनीने खरोखरच घोषणा केली. बुटके परत येणार होते, जुन्याच तांबड्या वर्दीत, आणि जुने शिशाचे जवानही चालणार होते. मी धावत त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मागे खिडकीत तो डबा दिसत होता, सुतळीने बांधलेला.

"हवालदार, बुटके आले! या वेळी खरंच!"

त्यांनी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत जे मला कधीच विचारलं नव्हतं, ते अगदी सावकाश विचारलं.

"कुणाकडनं?"