बिनहॉर्नचा सिदू

सोलापूरच्या तुरुंगामागच्या मैदानात, कडुलिंबाखाली, एक ट्रक विटांवर उभा होता. त्याला चाकं नव्हती. इंजिन कुणीतरी कधीच काढून नेलं होतं आणि दिव्यांच्या जागी नुसती भोकं उरली होती. केबिन मात्र शाबूत होती. स्टेअरिंग होतं, क्लच-ब्रेक होते, गिअरचा दांडा होता, आणि फाटक्या सीटवर एक घोंगडं अंथरलेलं होतं. कैद्यांना ट्रक चालवायला शिकवायचं ठरलं, तेव्हा आधी सगळ्यांना ह्याच ट्रकवर बसवलं. बाकीचे पोट धरून हसले. न चालणारी गाडी चालवायला शिकायची, म्हणजे तुरुंगात राहून हवापालट करायचा, असं त्यांचं म्हणणं.

सिदू हसला नाही. तो केबिनमध्ये चढला की त्याचा ट्रक खरंच निघायचा.

शेजारी यशपाल उस्ताद बसायचा. हा माणूस जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला, शुक्रवार पेठेत राहायचा, आणि आता ह्या शिकवणीच्या कामावर रोज सायकलवरून यायचा. त्याची शिकवायची तऱ्हा अशी, की तो रस्ता तोंडानं सांगायचा. आता सोरेगाव सोडलं. आता हत्तूर. पुढे बैलगाडी आहे, गिअर उतरव. आता वडकबाळचा पूल, हळू घे. बाकीचे कैदी जांभया देत दांडा हलवायचे. सिदूला मात्र काचेतून खरोखर सीना नदी दिसायची. पात्रातली वाळू, कडेच्या बाभळींना आलेली पिवळी फुलं, पाण्यापाशी खाली मान घालून उभी मेंढरं. कडुलिंबाची सावली बॉनेटवरून सरकायची आणि त्याला वाटायचं, रस्ताच सरकतोय. दुपारच्या त्या उन्हात तो असा कुठल्या कुठे जाऊन यायचा, आणि उस्तादानं "उतर आता" म्हटलं की झोपेतून उठवल्यासारखा भोवतीच्या भिंतींकडे बघत राहायचा.

एवढं मन लावून शिकणारा गडी उस्तादाला आयुष्यात भेटला नव्हता. पहारा ठेवणारा धनाजी शिपाईसुद्धा म्हणायचा, की हा माणूस पोटातूनच ड्रायव्हर होऊन आलाय. धनाजीचा अंदाज असा नेहमीच चुकायचा. सिदू पोटातून कोण होऊन आला असेल तर मेंढका. सांगोल्याकडच्या एका वस्तीवर त्याचा जन्म, आणि चालायला लागला तेव्हापासून तो मेंढरांच्या मागे. ट्रकशी त्याचा संबंध आला तो एकदाच. त्या एकदाच्याच पायी तो आत होता.

झालं होतं असं. त्या साली सिदू आणि त्याची बायको चिमाबाई मेंढरं घेऊन मंद्रूपकडे उतरले होते. शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, आणि त्याबदली धान्य ह्यांना, असा तो व्यवहार. एक रान संपवून दुसऱ्या रानात जाताना कळप रस्त्यावर आला. मागून कांद्यानं भरलेला ट्रक आला. ड्रायव्हरनं वेग कमी केला, आणि लांब हॉर्न दिला. कळप बिथरला. मेंढरू घाबरलं की पळतं, पण कुठं पळायचं हे त्याला कळत नाही. ती उलटी फिरली आणि चाकाखाली गेली. सगळ्यात पुढे होती ती सिदूनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी.

ड्रायव्हर लगेच खाली उतरला. त्यानं हात जोडले होते, हे सिदूनं नंतर कोर्टात स्वतःच सांगितलं. पण त्या वेळी डोळ्यांपुढे नुसतं लाल होतं. हातात फांद्या तोडायची कुऱ्हाड होती. ती उलटी करून त्यानं घाव घातला, उजव्या खांद्यावर. दुसरा कोपरावर. रुद्रप्पा त्याचं नाव, मंद्रूपचाच. जगला, पण त्याचा उजवा हात परत वर उचलला गेला नाही. स्टेअरिंगवर तर नाहीच नाही. सिदूला सात वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगात माणूस सारखा स्वतःला माफ करायची कारणं शोधतो. सिदूलाही सापडली होती. मेंढरं मेली होती, राग आला होता, राग कुणाला येत नाही. बरीच वर्षं ती कारणं पुरली. मग एक दिवस मालट्रकवाल्यांचे एक शेठ आले, तुरुंगाचे साहेब आले आणि सगळ्या कैद्यांना मैदानात बसवून भाषण झालं. शेठ सांगत होते, की ड्रायव्हर मिळत नाहीत. पोरं ह्या धंद्यात यायला तयार नाहीत, जुने थकले, अड्ड्यावर गाड्या नुसत्या उभ्या आहेत, माल सडतोय. भाषण सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. सिदूला मात्र ते सोडून देता येईना. देशात ड्रायव्हर कमी पडले होते, आणि त्यातला एक त्यानं स्वतःच्या हातानं कमी केला होता. त्याला वाटलं, शेठ हे सगळं आपल्याकडेच बघून बोलतायत.

हसण्यासारखं आहे खरं. पण त्याच्या घरात एक रीत चालत आली होती. दुसऱ्याचं जनावर आपल्याकडे राखायला असलं आणि आपल्या चुकीनं गेलं, तर पैसे द्यायचे नाहीत. पैशानं जागा भरत नाही. आपल्या कळपातलं चांगलं बघून एक जनावर त्याच्या कळपात सोडायचं. सिदूच्या बापानं अशी स्वतःची सगळ्यात देखणी पाट, म्हणजे कोवळी शेळी, एकदा सोडली होती आणि घरी येऊन जेवला नव्हता. सिदूनं त्या रात्री हिशेब सरळ केला. एक ड्रायव्हर गेलाय, एक ड्रायव्हर भरून द्यायचा. आणि द्यायला त्याच्याकडे तो स्वतःच होता. सकाळी त्यानं सगळ्यांच्या आधी जाऊन नाव दिलं.

चिमाबाई भेटीला आली तेव्हा त्यानं तिला हे सांगितलं.  ती जाळीपलीकडून म्हणाली, की मेंढरं तिनं आणि तिच्या भावानं जिवापाड सांभाळलीत, सुटून आल्यावर त्याला हे ट्रकबिक कशाला हवंय. तिचं खोटं नव्हतं. पोटासाठी त्याला ट्रकची गरजच नव्हती. त्याला ते शब्दांत सांगता येईना. नुसतं म्हणाला, "एकाची जागा रिकामी हाय गं." तिला समजलं की नाही कोण जाणे, पण तिनं परत अडवलं नाही.

तर असा हा गुणी विद्यार्थी. विटांवरच्या ट्रकवर त्याची सगळी शिकवणी निर्विघ्न पार पडली आणि खरा ट्रक आला. लालभडक, चालता, गुरगुरणारा. पुढे सिदू स्टेअरिंगवर, शेजारी उस्ताद, केबिनमधल्याच मागच्या फळीवर धनाजी. पहिल्याच दिवशी गाडी अशी अलगद निघाली, की धनाजीला डुलकी लागली. विजापूर रस्त्याला ऊन असं पसरलेलं की लांबवर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं, आणि जवळ गेलं की ते आणखी पुढे सरकायचं. सिदू त्या पाण्याच्या मागे मागे चालला होता. त्याला वाटत होतं, आपण जन्मभर गाडीच चालवत आलोय.

मग पुढे एक म्हैस आली. उस्ताद म्हणाला, हॉर्न दे.

सिदूनं गाडी थांबवली. म्हैस गेली, गाडी निघाली. पुढे सायकलवाला. हॉर्न दे. सिदूनं वेग इतका उतरवला की सायकलवालाच कंटाळून पुढे निघून गेला. मग आलं एक आंधळं वळण. उस्ताद ओरडला, हॉर्न दे, आणि सिदूनं जीभ टाळूला लावून जोरात "हुर्रर्र" केलं. मेंढरं वळवताना करतात तसं. केबिनमध्ये ते असं घुमलं, की धनाजी दचकून उठला आणि टोपी शोधू लागला.

त्या दिवसापासून बराकीत त्याचं नाव पडलं बिनहॉर्नचा सिदू. कैदी त्याला बघून "हुर्रर्र" करायचे. विटांवरच्या ट्रकला हॉर्नच नव्हता, म्हणून ही खोट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सिदूच्याही नाही. त्याचा अंगठा बटणापर्यंत जायचा, आणि डोळ्यांपुढे तो कळप उलटा फिरायचा. अंगठा तिथंच थिजायचा.

उस्तादानं सगळे उपाय केले. रागावला, समजावलं. एकदा गाडी बाजूला घ्यायला लावून निवांतपणे म्हणाला, "सिदू, हॉर्न म्हणजे शिवी नव्हे. मागचा विचारतो, जाऊ का? पुढचा खिडकीतनं हात काढून सांगतो, जा. साइड मागायची, साइड द्यायची. रस्त्यावर एवढंच तर बोलणं असतं." सिदूला ते पटलं. पटूनही अंगठा हलला नाही. परीक्षेच्या दिवशी तपासणाऱ्या साहेबांनी त्याला वळणावर नेलं. सिदूनं गाडी मुंगीच्या पावलानं घेतली, आणि साहेबांनी त्याला नापास केलं. आणखी एकच संधी मिळणार होती. ती गेली, की शिकवणीतून नाव कमी.

त्या संध्याकाळी सिदू विटांवरच्या ट्रकमध्ये जाऊन बसला. उस्ताद सायकल घेऊन निघाला होता, तो परत आला आणि शेजारी चढला. तेव्हा सिदूनं त्याला सगळं सांगितलं. हॉर्न, मेंढी, जोडलेले हात, कुऱ्हाड, रुद्रप्पा. आणि जागा भरून द्यायचं तेही.  त्या रस्त्यावर उस्तादानं एसटी चालवलेली, रुद्रप्पाला तो चांगला ओळखत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, की हे रुद्रप्पाच्या कानावर घालू का.  सिदू म्हणाला, "घाला."

आठवड्याच्या बाजाराला उस्ताद मंद्रूपला जाऊन आला. निरोप घेऊन आला, पण त्याचा त्यालाच अर्थ लागत नव्हता. रुद्रप्पानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि घराच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसला. तो तसाच बसतो, ट्रक बघवत नाहीत म्हणून. तसाच पाठमोरा बोलला, "माझा हॉर्न त्यानं ऐकला की. आता त्याचा मी ऐकतो. दारावरनं गाडी घेऊन जा म्हणावं त्या तम्माला." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पण रागातही माणूस तसं म्हणतोच. उस्तादाला कळलं नाही, सिदूलाही नाही.

 पुढचे दिवस झोपेत सिदूला विटांवरचा ट्रक दिसायचा. त्याला चाकं फुटलेली असायची, मेंढरं बॉनेटवर बसलेली असायची, आणि ट्रक सीनेच्या पाण्यावरून आवाज न करता चाललेला असायचा. पलीकडच्या काठावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं असायचं. तिथपर्यंत ट्रक कधी पोचायचा नाही.

सरावाची शेवटची फेरी मंद्रूपपर्यंत होती. उस्तादानंच ती तशी मागून घेतली होती. सोरेगाव, हत्तूर, वडकबाळचा पूल, सगळं एकामागून एक आलं, विटांवर बसून पाहिलं होतं अगदी तसंच. फक्त बाभळीला फुलं नव्हती. तेरामैल मागे पडला. पुढे गाव दिसू लागलं, तसं उस्तादानं रस्ता सांगायचं बंद केलं. धनाजीही जागा होता.

निळ्या दाराचं घर, रस्त्याला लागून. ओट्यावर एक माणूस, पांढरा सदरा, रस्त्याकडे पाठ. सिदूनं वेग उतरवला. आजूबाजूला म्हैस नव्हती, सायकल नव्हती, वळण नव्हतं. हॉर्न द्यायला कसलंच कारण नव्हतं. नाही दिला तर गाडी जाईल आणि त्या माणसाला कधी कळणारही नाही, की त्याची जागा भरायला कुणी आलं होतं. सिदूच्या डोळ्यांपुढे कळप उलटा फिरला. ह्या खेपेला त्यानं तो फिरू दिला. मग अंगठा दाबला.

हॉर्न वाजला. चांगला लांब वाजला. शेजारच्या घरातली कोंबडी फडफडली आणि परत दाणे टिपू लागली. रस्त्यावर कुणाला काही झालं नाही. सिदूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि गाडी सरळ चालली होती.

ओट्यावरचा माणूस वळला नाही. गाडी त्याच्या पाठीशी आली, तेव्हा त्यानं डाव्या हातानं आपलं उजवं कोपर धरलं. जड वस्तू उचलावी तसा उजवा हात हळूहळू खांद्याच्या उंचीला आणला, बाजूला काढला, आणि ट्रकच्या खिडकीतून पुढचा ड्रायव्हर मागच्याला करतो तसा पंजा दोनदा पुढे हलवला.

"साइड दिली," उस्ताद हळूच म्हणाला.

सिदूनं मान हलवली, गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.