टॉवेलवाल्याने निवडलेले ग्लोव्हज

कापडाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं. वीस वर्षं सोलापुरात टॉवेलचा धंदा करतोय. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी माल कसा आहे ते सांगतो मी. त्यामुळे लेकीला गोलकीपरचे ग्लोव्हज घ्यायची वेळ आली तेव्हा म्हटलं, त्यात काय एवढं! हातमोजेच तर घ्यायचेत.

लेक तेरा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. रविवारी जिल्ह्याच्या टीमची निवड होती आणि गोलकीपरच्या जागेसाठी ती आणि दुसऱ्या शाळेची एक मुलगी, अशा दोघीच उरल्या होत्या. जुने ग्लोव्हज बोटांपाशी पार उसवलेले. घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

सात रस्त्यापाशी खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदाराने दोन जोड काढले. पहिल्याचा तळवा मऊ रबराचा. लेकीने हात घातला, बॉल उचलला आणि तोंडभर हसली. "पप्पा, काय मस्त पकडतात हे!" मी तळव्यावर अंगठा दाबला. चिकट लागला. आमच्या धंद्यात हाताला चिकट लागणारा माल म्हणजे नीट न धुतलेला, खळ राहिलेला. मी तो बाजूला सारला. दुसरा जाड, कडक, गुळगुळीत. म्हटलं, "हा बघ. चार वर्षं हलत नाही."

दुकानदार चाचरत म्हणाला, "साहेब, मऊ लवकर झिजतो खरा, पण बॉल त्यातच थांबतो."

"मला माल शिकवू नका हो!"

बिचारा गप्प झाला. वर मी एक नंबर मोठाच मागितला, कारण पहिल्या धुण्यात माल आटतो हे मला पाठ. लेक काहीतरी बोलायला गेली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "चालतील."

घरी येऊन मी स्वतः ते साबण लावून खसाखसा धुतले आणि गच्चीवर टाकले. आपलं ऊन ते, तासाभरात खडखडीत वाळले. पण आटायचं नाव नाही! पुन्हा भिजवले, पुन्हा वाळवले. बायको म्हणाली, "अहो, रबर कधी आटतं व्हय?" तिलाही मी गप्प केलं.

रविवारी पहिलाच बॉल साधा, छातीवर आलेला. लेकीने दोन्ही हातांनी धरला आणि तो सुळकन निसटून मागे गोलमध्ये. दुसरा तसाच. मी कडेने बोंबलतोय, "अगं धर की! जेवली नाहीस का?" तिसरा निसटल्यावर तिने ग्लोव्हज काढून फेकले आणि उघड्या हातांनी उभी राहिली. पुढचे चार अडवले, पण करंगळी ही एवढी सुजली. निवड करणाऱ्या सरांनी मला बोलावलं. "पोरगी लई चांगली आहे. पण आजच्या खेळावर घेता येणार नाही. पुढच्या रविवारी दोघींना परत बघतो. तिला धड ग्लोव्हज घालून पाठवा."

येताना स्कूटरवर मी म्हटलं, "मोठे होत होते तर दुकानातच बोलायचं की!"

मागून आवाज आला, "तुम्ही चिडला असता."

चिडून नाही, रडून नाही, अगदी सहज म्हणाली. लाज वाटली, खरं सांगतो. माझा आवाज चढू नये म्हणून पोर जिल्ह्याची टीम सोडायला तयार झाली होती.

करंगळीची सूज उतरल्यावर परत त्याच दुकानात गेलो. लेक एकेक जोड घालायची आणि ग्लोव्हज सोडून माझ्या कपाळाकडे बघायची. आठी पडली का, ते. शेवटी मी दुकानदाराला म्हटलं, "ती म्हणेल ते द्या," आणि बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो. वीस मिनिटांनी आली. मऊ, चिकट, बोटांत बरोबर बसणारे. "खेळायच्या आधी थोडं पाणी लावायचं असतं," तिने मला समजावलं, "आणि वाळवायचे सावलीत." मी म्हटलं, "बरं."

पुढच्या रविवारी गप्प बसायचं असं ठरवून गेलो होतो. पण स्वभाव कुठं जातोय! दोन बॉल तिने झकास धरले आणि तिसऱ्याला माझं तोंड सुटलंच. "डावीकडं! अगं, डावीकडं!"

लेक गोलमधून वळली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "पप्पा, गप्प बसा! मला कळतंय!"

लोक हसले, सरही हसले. टीममध्ये तिचं नाव आलं ते संध्याकाळी. पण मी तिथंच, ती ओरडली तेव्हाच खूश झालो होतो.