बंद मोटरचं निदान

मामांनी एका बंद मोटरचं बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कानाच्या डॉक्टरचं नाव निघालं.

आधी ओळख करून देतो. माझे मामा मोटरी दुरुस्त करतात. पंपाच्या, पंख्याच्या, कपडे धुण्याच्या मोठ्या मशीनच्या, कुठल्याही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला त्यांचं टेबल, त्यावर ग्रीसचे डबे आणि काळी पडलेली फडकी. खिडकीपाशी मामीचं स्टूल आणि तांब्याच्या तारेची रिळं. जळालेली तार काढून नवी भरणं हे मामीचं काम. बेअरिंग आणि निदान हे मामांचं खातं, आणि त्या खात्यात दुसऱ्या कुणी नाक खुपसलेलं त्यांना चालत नाही. मी त्यांचा भाचा. माडीवर राहतो, दिवसभर वीज कंपनीच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकतो आणि संध्याकाळी मामांच्या.

निदानाची रीत अशी: मोटर चालू करायची, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, त्याची मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग झिजलं असेल तर आतून बारीक, सुईसारखी शीळ येते. आली तर मोटर उघडायची, नाही आली तर ‘जाऊ दे’ म्हणायचं. ऐकल्याशिवाय मोटर दुकानाबाहेर जात नाही, हा नियम. गाण्याचा गंध नसलेल्या या माणसाला सगळा बाजार ‘कानसेन’ म्हणतो. मामा वरवर म्हणतात, “लोकांना दुसरे उद्योग नाहीत.” पण एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला ते नाव माहीत नसलं, तर बोलण्याच्या ओघात ते त्याच्या कानावर जाईल अशी व्यवस्था करतात.

तर त्या दिवशी शेजारी एक पंप चाचणीसाठी चालू होता, त्यामुळे खोलीत घरघर होतीच. मामा चहा पिऊन आले, टेबलावर चालू ठेवून गेलेल्या मोटरला स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, मान हलवली.

“बेअरिंग गेलंय.”

मामीने तार गुंडाळता गुंडाळता वर पाहिलं. “कशाचं?”

“हिचं. दुसरं कशाचं असणार?”

“अहो, तिची पिन मी मघाशीच काढलीय. मला तिथे सोल्डरिंगची पिन लावायची होती.”

मामांनी पिनेकडे पाहिलं. पिन जमिनीवर पडली होती. मोटर गार होती. मामा मग त्या चालू पंपावर घसरले, त्याचा आवाज इकडे येतो म्हणून. मामीने पंपही बंद केला. खोलीत सगळं शांत झालं.

“आता?” तिने विचारलं.

मामांनी कानात बोट घालून हलवलं. त्यांचा चेहरा सांगत होता की शीळ अजून चालूच आहे.

मग एकेक गोष्टीचा उलगडा व्हायला लागला. गेले कित्येक महिने दुकानातून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोटरचं बेअरिंग बदललं जात होतं. मामा म्हणायचे, हल्ली मालच भिकार येतो. काढलेली बेअरिंगं डब्यात पडत होती. त्या रात्री मी सहज त्यातली दोन-चार बोटावर फिरवून पाहिली. लोण्यासारखी फिरत होती. लाँड्रीवाल्यांची एक मोटर तर तीनदा उघडून झाली होती, आणि ते वैतागून म्हणाले होते, “मिस्त्री, माझी मोटर आजारी आहे की तुमची लाडकी?” त्यांनी चौकातल्या नव्या दुकानाची चौकशी केल्याचंही आमच्यापर्यंत आलं होतं. तिथे म्हणे कान लावत नाहीत, मीटर लावतात.

“मला काही झालेलं नाही,” मामा म्हणाले. “ऐकू सगळं येतं. पलीकडच्या गल्लीत कुणी माझ्याबद्दल बोललं तरी येतं.”

“त्याला कान लागत नाहीत, स्वभाव लागतो,” मामी म्हणाली, आणि मला हुकूम सोडला की उद्या रजा टाक आणि यांना घेऊन जा.

कान तपासणाऱ्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मामांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मामांनी बटण असं दाबायला सुरुवात केली की जणू लिफ्ट बोलावतायत. बाहेर मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मी अजून काही वाजवलंच नाहीये.”

त्यांनी आत जाऊन मामांना नीट समजावलं, तुमच्या कानातली शीळ वेगळी, मी वाजवते ते तुटक तुटक येईल, तेवढंच धरा. मग तपासणी सुरळीत झाली. निकाल निघाला तो मामांच्या बाजूने, आणि तिथेच सगळा घोळ झाला. ऐकणं जवळजवळ उत्तम. फक्त अगदी बारीक, उंच आवाज जरासे कमी येतात, तेही या वयाला शोभेल इतकेच.

“बघ,” मामा मला म्हणाले. आणि खुर्चीवरून उठले.

“बसा काका,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला कानाचं मशीन लावून बघू या.”

मामा बसले नाहीत. “आत्ताच म्हणालात ना, उत्तम आहे म्हणून?”

“ऐकू येण्यासाठी नाही, शिट्टीसाठी. कानाकडून जे बारीक आवाज कमी पोचतात, त्यांची वाट बघत मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत बसतो, असं समजा. मशीन बाहेरचे ते आवाज थोडे वर आणतं. बाहेर गर्दी असली की शिट्टी मागे पडते. सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही, पण करून बघण्यासारखं आहे.”

“म्हणजे जाईल?”

“जाईलच असं नाही सांगत. तुमचं तिच्याकडे लक्ष जाणं कमी व्हावं, एवढा प्रयत्न. पण सकाळपासून झोपेपर्यंत लावायला लागेल, आणि काही महिने धीर धरायला लागेल.”

मामांच्या हाताखालून आजवर शेकडो मोटरी गेल्या. त्यांतल्या एकीलाही त्यांनी ‘आवाज राहील, तू लक्ष देऊ नकोस’ असं सांगितलेलं नाही. घरी येताना ते एकच वाक्य घोळवत होते: “ज्याचे डोळे चांगले, त्याला चष्मा. वा रे वा.”

मशीन आलं, दोन कानांना दोन. कानामागे बसणारं, चिंचोक्याएवढं, त्यातून केसासारखी तार कानात जाणारी. मामीने ते आरशासमोर त्यांच्या कानांवर चढवलं, मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, “कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच का?” मामांना हसू आलं नाही. त्यांना त्या क्षणी दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. वर्तमानपत्राची घडी मोडली तरी पत्रा कापल्यासारखी वाजत होती. नळ, चपला, पिशवी, स्वतःचं चावणं. “तू जेवताना एवढा मचमच करतोस?” त्यांनी मला विचारलं. बहिणीच्या मुलाला इतक्या वर्षांत न सांगितलेली गोष्ट त्यांनी पहिल्या जेवणात सांगितली.

“आणि शिट्टी?” मी विचारलं.

त्यांनी मान तिरकी करून कानोसा घेतला. “आहे. पण... जरा लांब उभी आहे.” लगेच सावरून म्हणाले, “पण ह्या कटकटीपेक्षा शिट्टी बरी.”

खरी फजिती दुकानात झाली. कानाला मशीन दिसलं की माणूस ओरडतो, हा सृष्टीचा नियम आहे. पंखा घेऊन आलेला एकजण टेबलावर वाकून, एकेक अक्षर सुटं करून बोलला: “पं-खा-फि-रत-ना-ही.” मामा म्हणाले, “हळू बोला, ऐकू येतं.” तो मामीकडे वळून म्हणाला, “काय म्हणाले ते?” दुसऱ्याने हातवारे केले. कोपऱ्यावरचा चहावाला, जो रोज दोन शिव्यांशिवाय चहा द्यायचा नाही, तो एकदम अदबीने वागायला लागला, आणि ते मामांना सगळ्यात जास्त लागलं. ज्याचे कान गेले त्याला मोटर दाखवायची कशाला, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही. पण दोघे-तिघे मोटर टेबलावर ठेवून पुन्हा उचलून घेऊन गेले, काहीतरी काम आठवल्यासारखे.

मग मामांनी तोडगा काढला. गिऱ्हाईक दारात दिसलं की दोन्ही मशीनं शर्टाच्या खिशात. गिऱ्हाईक गेलं की परत कानात. गर्दी असली की दिवसभर खिशातच. मशीन काढलं की शिट्टी दणक्यात परत, आणि तिच्याबरोबर जुनी खोड. पुन्हा चांगली बेअरिंगं डब्यात पडायला लागली.

“खिशाला ऐकू येतं का नीट?” मामी विचारायची.

“तू तुझी तार बघ.”

मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, असं काढ-घाल करून फायदा होणार नाही, सवय व्हायला सलग वेळ लागतो. आणि मोटर ऐकण्याची रीत मी जरा कौतुकाने सांगितली, तर पलीकडून एकदम आवाज चढला. “स्क्रू ड्रायव्हर? कानात?” मी म्हटलं, कानाशी. “ते आधी बंद करा,” त्या म्हणाल्या. मी हा निरोप मामांना दिला. ते माझ्याशी रविवारपर्यंत बोलले नाहीत.

आणि रविवारी लाँड्रीवाले आले. त्याच मोटरसह, चौथ्यांदा. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि हात झाडले.

“मिस्त्री, आपला जुना संबंध आहे म्हणून आलो. ही व्यवस्थित चालते की नाही, एवढंच सांगा. उघडू नका. उघडली तर मी इथून सरळ चौकात जाणार, आणि बाकीच्या मशीनीही तिकडेच जातील.”

मामांची मशीनं खिशात होती. त्यांनी मोटर चालू केली, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच. मी जिन्याच्या पायरीवर होतो. मला त्यांचा जबडा दिसत होता. मग त्यांनी डोळे उघडून खिशात हात घातला, आणि लाँड्रीवाल्यांच्या देखत दोन्ही मशीनं कानांवर चढवली. चिडून, शर्टाचं तुटलेलं बटण लावावं तशी. आणि पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन मूठ कानाशी नेली.

मूठ टेकताच मशीन किंचाळलं. एवढंसं ते, पण शिट्टी मारली ती लाँड्रीवाले दचकून मागे सरण्याइतकी.

“हे काय वाजलं?” ते म्हणाले.

“तुम्हाला आलं ऐकू?” मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एकदम काहीतरी सैल झालं होतं. इतक्या महिन्यांत त्यांच्या कानातलं काही दुसऱ्या कुणाला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. “हे असं. असं चालू असतं माझ्या डोक्यात. सारखं.”

लाँड्रीवाले पुन्हा टेबलाजवळ आले. “सारखं?” एवढंच म्हणाले. ओरडायचं विसरले होते.

मामांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “मशीन लावलं तर हा लावता येत नाही. काढलं तर सगळ्याच मोटरी शीळ घालतात. मला नाही सांगता येत.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनाही ते जड गेलं असावं, कारण लगेच ते मामीवर खेकसले. “बघत काय बसलीस? तूच लाव कान.”

इतक्या वर्षांत ती मूठ मामीच्या कानाला कधी लागली नव्हती. ती उठली, पदराला हात पुसले, मोटरला स्क्रू ड्रायव्हर टेकवून कान लावला. मग म्हणाली, “ती मांडणीवरची कोरी मोटर चालू करा.” मामांनी केली. तिने ती ऐकली, परत ही ऐकली, परत ती.

“मला दोष-बिष कळत नाही,” ती म्हणाली. “पण दोघी सारख्याच वाजतात.”

“नीट ऐक. खालच्या बाजूला.”

“ऐकलं.”

“मागच्या कडेला लावून बघ.”

“अहो, लावलं. सारख्याच आहेत.”

मामांचा हात पान्याकडे गेला. मला वाटलं, संपलं, आता उघडतात. लाँड्रीवालेही त्या हाताकडेच पाहत होते. मामांनी पाना उचलला, मुठीत दोनदा फिरवला आणि टेबलाच्या खणात टाकून खण लावला, जरा जोरातच. स्वतःच केलेल्या त्या आवाजाने त्यांनी तोंड वाकडं केलं.

“घेऊन जा,” ते म्हणाले. “चांगली आहे.”

“तुम्ही ऐकलीत ना?” लाँड्रीवाल्यांनी विचारलं. नियम त्यांनाही माहीत होता.

“हिने ऐकली.”

“वहिनींनी? मग काही प्रश्नच नाही,” म्हणून लाँड्रीवाल्यांनी मोटर खांद्यावर घेतली आणि ते निघाले.

मामा दारापर्यंत गेले. ती न उघडलेली मोटर वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, आणि मग आत येऊन, मशीनं कानांवर तशीच ठेवून, मामीला म्हणाले, “प्रश्नच नाही म्हणजे काय? इतकी वर्षं प्रश्न होता का?”