पाटी वाचणारा

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तुळजापूरच्या एस.टी. स्टँडवर तो माणूस मला एकदाच भेटला. पांढरा सदरा, काळी टोपी आणि खणखणीत आवाज. गाडी आली की तो तिची पाटी मोठ्यानं वाचायचा, वाचता न येणाऱ्यांसाठी. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

"मास्तर होता का तुम्ही?" मी विचारलं.

"न्हाय. लाचलुचपतीच्या कचेरीत कारकून होतो. सायबाचं सगळं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. मराठी टपाल म्याच वाचून दाखवायचो."

नोकरी कशी गेली, तेही त्यानं सांगितलं. लाच घेताना धरलेल्या तलाठ्याकडूनच साहेबानं पैसे खाल्ले आणि त्याला सोडलं. यानं सरळ वर अर्ज केला. वरच्यांनी तो चौकशीसाठी खाली धाडला, त्याच साहेबाकडं.

"टपालात माजाच अर्ज निगाला. सायब म्हनले, वाच."

"मग दुसरंच काही वाचायचं! त्यांना काय कळणार होतं?"

मी त्याला चुकीच्या गाडीत बसवत असल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"असं कसं? माजं कामच वाचायचं. वाचला की. सायबानं इचारलं, खाली नाव कुनाचं हाय? ते बी वाचलं."

तेवढ्यात गाडी आली. तो उठला. "तामलवाडी, सोलापूर!" पार पलीकडच्या झाडाखालची म्हातारी गाठोडं उचलून धावली.

अर्जही त्यानं याच आवाजात वाचला असणार. कचेरीबाहेर ताटकळत बसलेल्यांनाही तो ऐकू गेला असणार.