दोन्ही उजवे

बुटांच्या दुकानातल्या त्या सेल्समनला सगळे ‘कडेकपारी’ म्हणत, कारण हा शब्द तोंडात आल्याशिवाय त्यांच्या हातून एकही जोड विकला जात नसे. गिऱ्हाइकाने पाय पुढे केला, की हे गुडघा टेकून लेस आवळत आणि हलक्या आवाजात सुरू होत. “कडेकपारीत घोटा वळला ना साहेब, तर हाक ऐकायलाही कोणी नसतं.” साहेब घाबरून घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घेऊन जात. स्वतः ह्यांनी चढलेला एकमेव डोंगर म्हणजे दुकानातली लाकडी उतरती फळी. तिच्यावर दगड चिकटवलेले होते, बूट घालून चार पावलं चालून बघायला. एरवी घराचा तिसरा मजला गाठताना ते दुसऱ्यावर थांबून खिसे चाचपत, किल्ली शोधत असल्यासारखे. किल्ली कायम बायकोकडे असे.

पण दुकानात वजन होतं. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय नवा माल मागवत नसे.

मग बूट खपेनासे झाले आणि मालकाच्या डोक्यात कल्पना आली. बूट घ्या आणि त्याच्या मेव्हण्याच्या शेतावर शनिवार-रविवार स्वस्तात राहा, टेकडी चढा, हवा खा. म्होरके अर्थातच कडेकपारी. “तुम्हाला काय, डोळे मिटून चढाल,” मालक म्हणाला. नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांची थापेबाजी एका वाक्यात उघडी पडणार आणि उद्यापासून त्यांच्या हातून लेस बांधून घ्यायला कोणी बसणार नाही. म्हणून ते नुसते हसले. अनुभवी माणसं हसतात तसे.

अडचण एवढीच, की त्यांच्याकडे बूटच नव्हते.

“मग घ्या की एक जोड,” बायको म्हणाली.

“अगं, विकत कशाला? स्टँडवरचे आहेत ना.”

स्टँडवर फक्त उजवा बूट ठेवतात, म्हणजे कोणी घालून पसार होत नाही. डावा आत गोदामात असतो. एका जुन्या मॉडेलचे सगळे डावे गोदामातल्या गळतीने कुजले होते आणि ह्यांच्या मापाचे दोन उजवे दोन स्टँडवर धूळ खात उभे होते. मालकाने ते फुकट दिले. लेस सैल सोडली की पायाला काय कळतंय, असं कडेकपारींनी ठरवलं. गिऱ्हाइकांना मात्र ते रोज सांगत, “पायाला सगळं कळतं, ताई.”

मेव्हण्याचं ‘निसर्गनिवास’ म्हणजे चुना मारलेला गोठा निघाला. त्यात लोखंडी दुमजली खाटा टाकल्या होत्या. जागा बदलल्याचं गायींना कोणी कळवलं नसावं, कारण एकजणी खिडकीतून मान आत घालून, बूट घेऊन सहलीला आलेल्या एका विमा एजंटाच्या उशीचा वास घेत होती. “निसर्गाच्या इतकं जवळ पंचतारांकित हॉटेलात कुठे जाता येतं?” एजंट म्हणाला आणि उशी दुसऱ्या बाजूला नेली. स्वस्तात मिळालेल्या गोष्टीचं कौतुक माणूस जरा जास्तच करतो.

सकाळी सगळे निघाले. पुढे कडेकपारी, मागे निवृत्त मुख्याध्यापिका बाई, मग एजंट आणि एक नवं जोडपं. कडेकपारींची बायको जुन्या कॅनव्हासच्या बुटांत सगळ्यांच्या कधीच पुढे गेली होती आणि एका दगडावर बसून वाट पाहत होती. इकडे ह्यांच्या डाव्या पायाचा अंगठा उजव्या बुटात दुमडून ठणकत होता. त्यामुळे कडेकपारी खेकड्यासारखे तिरके चालू लागले. एजंटाने ते पाहिलं आणि मागच्यांना सांगितलं, “बघा, ही चढाची चाल.” मग सगळीच रांग तिरकी चालू लागली.

माथ्याजवळ चिखल होता. बाई त्यांच्या पावलांच्या ठशांत पाय टाकत येत होत्या. त्या थांबल्या, वाकल्या.

“अहो, इथे दोन्ही ठसे उजव्याच पायाचे आहेत. तुम्ही लंगडी घालत आलात का?”

सगळे कडेकपारींच्या बुटांकडे बघत होते.

“ते असं आहे बाई,” ते म्हणाले, “चढाला दोन्ही उजवेच घालायचे. पकड येते. जुन्या लोकांची पद्धत आहे ही.”

बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात दगडावरून बायको म्हणाली, “आणि उतरायला दोन्ही डावे लागतात. ते घरीच राहिले ह्यांचे.”

“अरे बाप रे,” एजंट म्हणाला. “मग तुम्ही उतरणार कसे?”

कडेकपारींनी बायकोकडे पाहिलं. ती दूरच्या ढगांकडे बघत होती.

“अशा वेळी,” ते सावकाश म्हणाले, “अनवाणी.”

त्यांनी बूट काढले. गुरू अनवाणी असताना आपण बूट घालून कसं उतरायचं, असं बाईंना वाटलं, म्हणून त्यांनीही काढले. मग एजंटाने काढले आणि नवऱ्याने काढले म्हणून नवरीनेही. काट्याकुट्यांतून, कापणी झालेल्या शेतातल्या खुंटांवरून ती वरात खाली आली. “हाय” म्हणायची सोय नव्हती, कारण कडेकपारी म्हणत नव्हते.

गोठ्यात बायको सेफ्टीपिन घेऊन खाटेखाटेवर काटे काढत फिरली.

“दुखतंय?” तिने नवऱ्याला विचारलं.

“नाही.”

“बरं,” म्हणत तिने पिन जरा खोल घातली.

त्यांना वाटलं, आता शिव्या बसणार. पण बाई वरच्या खाटेवरून म्हणाल्या, “इतकी वर्षं पाय कोंडून ठेवले होते हो मी. आज मोकळे झाले.” एजंट म्हणाला, त्याची कंबरदुखीसुद्धा कमी झाल्यासारखी वाटतेय. कडेकपारी खाटेवर जरा ताठ बसले.

सोमवारी दुकान उघडताच चौघंही बुटांचे खोके घेऊन काउंटरपाशी हजर.

“हे परत घ्या,” बाई मालकाला म्हणाल्या. “आम्हाला आता लागणार नाहीत. आणि ह्यांना काही बोलू नका. असा सच्चा माणूस दुकानात शोधून सापडणार नाही. बूट विकून पोट भरतो आणि बुटांची गरज नाही हे स्वतः पाय फोडून दाखवतो.”

मालकाने खोके उघडून पाहिले. तळव्यांना चिखल होता. मग त्याने कडेकपारींच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पायांना पट्ट्या होत्या आणि चपला बायकोच्या, सैल पट्ट्यांच्या होत्या, कारण स्वतःच्या चपला सुजलेल्या पायांत जात नव्हत्या.

“बुटांची गरज नाही, असं तुम्ही सांगितलंत?”

हो म्हणावं तर मालक जातो, नाही म्हणावं तर बाई. कडेकपारींनी घसा खाकरला, बाईंच्या डोळ्यांतली भक्ती पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढे गप्प बसले.

हल्ली ते दुकानाच्या मागच्या भागात, रबरी चपलांच्या कप्प्यापाशी असतात. तिथे गुडघा टेकावा लागत नाही, कारण कोणी पाय पुढे करत नाही. बाई मात्र आठवड्यातून एकदा येतात. घेत काही नाहीत, अनवाणी उभ्या राहून डोंगराच्या गोष्टी ऐकतात.