नऊ वाट्यांची घासाघीस

हा किस्सा मी सांगायचा की वैशालीनं, यावरून आमच्या घरी दर वेळी वाद होतो. बायको सांगते तेव्हा मी मूर्ख ठरतो. मी सांगतो तेव्हाही मीच मूर्ख ठरतो, पण निदान जरा सावकाश ठरतो. म्हणून आज मी सांगतो. चहा घ्या आधी, गार होईल.

तर, आमच्या ईशाला शाळेत गणिताला एक सर आहेत. नाव टू यांग. गणिताचे सर आणि नाव टू! पोरांनी काय काय विनोद केले असतील, तुम्हीच विचार करा. मुक्काम इथेच कतारमध्ये, आमच्या मागच्याच गल्लीत, अल गराफात. वय चौतीसच्या आसपास, जन्म अमेरिकेतला, मिनेसोटाचा. पण चेहरा बघून मी पहिल्याच भेटीत विचारलं, "चायनीज?"

"नाही, हमोंग," ते म्हणाले.

मी "अच्छा अच्छा" म्हणालो. म्हणजे काही कळलं नाही.

पुढे आमची बॅडमिंटनमुळे दोस्ती झाली आणि माणूस घरी यायला लागला. वैशालीच्या हातचे पोहे त्याला इतके आवडले की कढीपत्तासुद्धा चावून खायचा. मग हळूहळू कळलं. हमोंग म्हणजे लाओस, व्हिएतनामच्या डोंगरांतली माणसं. युद्धात त्याचे आईवडील नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत आले, तिथून अमेरिकेत. एकदा गप्पांत लग्नाचा विषय निघाला. अहो, काय सांगितलं त्यानं!

त्याच्या आजोबांनी म्हणे मित्रांना घेऊन आजीला बाजारातून ओढतच घरी नेलं आणि मग सासऱ्याकडे निरोप धाडला. तेव्हाची रीतच तशी. आजीनं ते कधी माफ केलं नाही, मरेपर्यंत भांडण झालं की तो बाजार निघायचा. वडिलांचं लग्न छावणीत, एका कोंबडीवर उरकलं. थोरल्या बहिणीचं मिनेसोटात दोन दिवस चाललं. दोन्हीकडचे मध्यस्थ टेबलाशी बसले, पट्टेदार कापडात गुंडाळलेली काळी छत्री आली, नवऱ्या मुलानं गुडघे टेकून टेकून सगळ्या नातेवाइकांना नमस्कार घातले. आणि धाकट्या भावाच्या वेळी? हॉल घेतला, एका दिवसात खलास! देज, म्हणजे मुलीकडच्यांनी वराकडून घ्यायचे पैसे, किती घ्यायचं यावर वडीलधाऱ्यांनीच मर्यादा घातली, आणि नवरी स्वतः टेबलाशी बसून बोलली.

"म्हणजे सगळंच बदललं," मी म्हणालो.

"एक सोडून," टू म्हणाला. "यांगनं यांगशी लग्न करायचं नाही. जगात कुठेही भेटो. एक आडनाव म्हणजे भाऊबहीण."

"सगोत्र!" मी ओरडलोच. "आमच्याकडेही होतं हो हे!"

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की हमोंग लोकांचं मला सगळं कळतं. इथेच घात झाला.

कारण आठवड्याभरात मला मदिनत खलीफाच्या बेकरीत माई भेटली.

आता माई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नऊवारीतली कोणी थोर बाई येईल. ही अठ्ठावीस वर्षांची, चुणचुणीत, बेकरीची सुपरवायझर. मी ऑफिसातून येताना तिथे खबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, घेतो. काउंटरवर तिचा भरतकाम केलेला बटवा पडला होता. तसाच मी टूच्या घरी भिंतीवर पाहिला होता.

"तुम्ही हमोंग का?" मी विचारलं.

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. चार वर्षांत कतारमध्ये तिला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. व्हिएतनामच्या उत्तरेकडची, डोंगरातल्या खेड्यातली. इंग्लिश शिकली ती पर्यटकांना बटवे विकता विकता.

"इथे तुमचं कोणी?"

"कोणी नाही."

"लग्न?"

ती हसली. "नाही."

माझ्या डोक्यात सनई वाजायला लागली. पण मी घाई केली नाही हां! मी जबाबदार माणूस आहे. आधी गोत्र तपासलं. म्हटलं, "आडनाव काय तुमचं? स्पेलिंग सांगा." तिनं बिलाच्या मागे लिहून दिलं. जी, आय, ए, एन, जी. ते मी तिथेच दोनदा वाचलं. गिआंग! यांग नाही! वायचा पत्ताच नाही! मी खिशात बिल घातलं आणि खबूस तिथेच विसरून घरी आलो.

वैशालीला सांगितलं का? छे! तिला एवढंच म्हणालो, "शुक्रवारी टूला जेवायला बोलावलंय. आणि बेकरीतली एक मुलगी येईल, एकटीच असते बिचारी." टूला सांगितलं, जेवायला या. माईला सांगितलं, तुमच्यातला एक माणूस भेटवतो. बाकीचं सरप्राइज.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण बुधवारी संध्याकाळी टू आमच्याकडे आला होता. वैशालीकडून पोळ्या शिकत होता, दोन्ही हात कणकेत. तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. आतून तो ओरडला, "मिस्टर काळे, आईचा आहे, उचला प्लीज. सांगा पाच मिनिटांत करतो."

उचलला. स्क्रीनवर एक गोल चेहऱ्याची, काळजीनं भरलेली बाई. मी म्हणालो, "आंटी, टू बिझी." आणि मग, काय झालं मला कोण जाणे, आवाज खाली आणून म्हणालो, "आंटी, गुड न्यूज. गर्ल."

"गर्ल?"

"हमोंग गर्ल. फ्रायडे. वन थर्टी. कतार टाइम."

बाईंचा चेहरा असा उजळला! "हमोंग गर्ल," त्या पुटपुटल्या, दोन्ही हात जोडल्यासारखे केले आणि फोन ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. एका आईचा आशीर्वाद घेतला म्हणालो मनात.

शुक्रवार उजाडला. माई आली ती भरतकामाचं जाकीट घालून, हातात केकचा खोका. टू आला तो टी-शर्ट आणि चपलांत. दोघं आमच्या दिवाणखान्यात समोरासमोर उभी राहिली. आधी इंग्लिशमध्ये दोन शब्द. मग त्यांच्या भाषेत. जरा अडखळत, कारण हिची बोली वेगळी, त्याची वेगळी. मग टूनं काहीतरी एक प्रश्न विचारला. माईनं एका शब्दात उत्तर दिलं.

आणि टूनं तिचे दोन्ही हात धरले! माईचे डोळे भरून आले. एका मिनिटात! आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात मी वैशालीशी एक वाक्य बोललो होतो, तेही "पंखा वाढवू का" एवढंच.

मी धावत फ्रीजकडे गेलो. साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे काढले आणि दोघांच्या तोंडात एकेक कोंबला. "अभिनंदन! अभिनंदन!"

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" टू पेढा चावत म्हणाला.

"अर्थात!"

"म्हणून बोलावलंत आम्हाला?"

"नाहीतर कशाला? सगळी चौकशी करूनच बोलावलं!"

टूनं मला मिठी मारली. माई म्हणाली, "हे मी कधी विसरणार नाही." वैशाली आमटीचा डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "काय चाललंय?"

"बघत राहा," मी म्हणालो.

बरोब्बर दीडला टूचा फोन वाजला. त्यानं स्क्रीन पाहिली आणि दचकला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं, आणि त्याची आई मोत्यांची माळ घालून बसली होती. शेजारी दोन काका. कोट, टाय, केस चापूनचोपून.

"आई, हे सगळे का उठलेत?"

मी पुढे होऊन फोन फुलदाणीला टेकवून उभा केला आणि माईला समोर बसवलं. थोरल्या काकांनी घसा खाकरून त्यांच्या भाषेत प्रश्न सुरू केले, बघण्याच्या कार्यक्रमातले नेहमीचेच असणार. गाव? वडील? आजोबा? माई मान खाली घालून उत्तरं देत होती. काका पुढे सरकले आणि त्यांनी बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याची चार. नऊ.

माईनं पटकन मान डोलावली आणि तिनंही बोटं दाखवली. नऊ.

मला लगेच कळलं. देज! नऊ हजार डॉलर! आणि पोरगी पहिल्याच फटक्यात हो म्हणतेय! शिक्षकाला परवडणार का हे? काका वर पक्षाचेच, पण पैसे जाणार टूचे; त्याच्या खिशाच्या बाजूनं बोलायला तिथे माझ्याशिवाय होतं कोण?

"एक मिनिट, अंकल!" मी स्क्रीनमध्ये डोकं घातलं. "नऊ फार होतात! तो शिक्षक आहे! पाचावर या!"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी हाताची पाचही बोटं नाचवली. "फाइव्ह! फाइव्ह लास्ट! चला, तुमचं नको, माझं नको, सहा! यल्ला, फायनल!"

आता सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मिनेसोटातसुद्धा.

"मिस्टर काळे," टू अगदी हळू म्हणाला, "तुम्ही कशाचा भाव करताय?"

"देजचा!"

"त्या वाट्या आहेत."

"कसल्या वाट्या?"

"आमच्यात पूर्वजांची पूजा असते, तिला प्रत्येक घराण्याच्या ठरलेल्या वाट्या मांडतात. कोणाच्या पाच, कोणाच्या नऊ, कोणाच्या तेरा. काकांनी विचारलं, तुमच्यात किती? आमच्या नऊ, तिच्याही नऊ. म्हणजे नुसतं आडनाव नाही, घराणंसुद्धा एकच. आमच्यात बाळंतपण आणि मरण फक्त आपल्याच घराण्याच्या घरात चालतं; आता ती आमच्या घरात बाळंत होऊ शकते, आमच्या घरात मरू शकते. माझी बहीण आहे ती."

"बहीण?" माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. "अहो पण तिचं आडनाव गिआंग!"

"व्हिएतनाममध्ये यांगच असं लिहितात," माई म्हणाली. "तुम्ही स्पेलिंग विचारलंत. कूळ विचारलं असतं तर तिथेच सांगितलं असतं."

म्हणजे कुणाचे पूर्वज, आणि मी त्यांच्या वाट्या कमी करत होतो. बरं, आणि अभिनंदन कसलं केलं? पेढे कसले भरवले?

पण हसू येण्यासारखी स्थिती नव्हती. स्क्रीनवर टूची आई काहीतरी विचारत होती. मोत्यांची माळ चाचपत, परत परत एकच प्रश्न. मला भाषा कळत नव्हती तरी कळलं. मुलगी कुठे आहे? टूनं माईकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि बाईंचा चेहरा उतरला. असा उतरला की मला वाटलं, जमिनीत भेग पडावी. दोन दिवस त्या या शुक्रवारवर जगल्या होत्या. माझ्यामुळे.

आणि तेवढ्यात आमची ईशा, वय वर्षं बारा, सोफ्यावरून म्हणाली, "बट मिस्टर यांग ऑलरेडी हॅज अनू मिस!"

टू पांढराफटक पडला.

"कोण अनू मिस?" मी.

"सायन्स टीचर, बाबा. एव्हरीबडी नोज."

मी वैशालीकडे पाहिलं. ती डाव न्याहाळत म्हणाली, "मला पोळ्या लाटताना बोलला होता. केरळची आहे. दोन वर्षं झाली. आईला सांगायचा धीर होत नाही म्हणाला. तुम्ही मला विचारलं असतंत तर!"

'मिस' हा शब्द मिनेसोटापर्यंत पोचला होता. आई टूकडे बघत होती. टू जमिनीकडे. तेव्हा माईनं खुर्ची ओढली, फोनच्या अगदी जवळ बसली आणि बोलायला लागली. शांतपणे, हळू आवाजात, घरातल्या मुलीनं बोलावं तशी. तासाभरापूर्वी या पोरीचं कतारमध्ये कोणी नव्हतं. मध्येच तिनं टूला काही विचारलं, त्यानं फोनमधला अनू मिसचा फोटो काढून दिला, तिनं तो स्क्रीनसमोर धरला.

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं एक प्रश्न विचारला.

"भात खाते का, विचारतेय," टू कुजबुजला.

"केरळची आहे," वैशाली म्हणाली. "सांग, दुसरं काही खातच नाही."

मग आईनं दुसरा प्रश्न विचारला, आणि हा मलाही कळला, कारण त्यात 'यांग' होतं. यांग तर नाही ना?

"नाही," टू म्हणाला.

आईनं सुस्कारा सोडला. दोन्ही काकांकडे पाहिलं. "ओके," ती म्हणाली.

एवढंच! आजीला बाजारातून ओढून नेणाऱ्या घराण्यात आता केरळची सून चालते, फक्त यांग नको. टू टेबलावर डोकं ठेवून रडत होता की हसत होता, मला सांगता येणार नाही. माई त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. वैशालीनं उरलेले पेढे पुन्हा फिरवले, या वेळी खऱ्या कारणासाठी.

मग थोरल्या काकांनी हात वर केला. ते गंभीरपणे काहीतरी बोलले आणि त्यांनी आमच्या दिशेनं बोट दाखवलं.

टू म्हणाला, "काका म्हणतात, लग्न कतारमध्येच होऊ दे, आम्ही व्हिडिओवर असू. पण आमच्या बाजूनं टेबलाशी बसायला एक मध्यस्थ लागेल. इथलाच, विश्वासाचा."

मी कॉलर सारखी केली. उठून उभा राहिलो. म्हणालो, "अंकल, माझा सन्मान समजतो."

टूनं कान खाजवला. "मिस्टर काळे, ते मिसेस काळेंना म्हणतायत."

"वैशालीला? पण तुमच्यात बाई मध्यस्थ चालते?"

"नाही," टू म्हणाला. "आजपर्यंत आमच्या घराण्यात पुरुषच असायचा. लाओसमध्ये, छावणीत, मिनेसोटात, कायम पुरुषच. काका म्हणतात, हीसुद्धा एक रीत आम्ही आजवर कधी मोडली नव्हती. पण तुम्हाला पाहिल्यावर त्यांना वाटतंय, आता मोडायला हरकत नाही."