सुपातली उरलेली ज्वारी

थोरल्या भावाची मुलगी बारावीला आहे, सायन्सला. उन्हाळ्यात मी ओसरीवर धान्य निवडत होते, तेव्हा ती पुस्तक घेऊन जवळ येऊन बसली. माझी शाळा चौथीपर्यंतची. तरी ती मलाच सगळं सांगते, कारण मी मध्ये बोलत नाही.

तिने सुपात तुरीचे दाणे गोळा केले. "आत्या, हे प्रोटॉन. एकमेकाले ढकलते."

"मंग एका जागी ऱ्हाते कसे?"

तिने त्यात ज्वारी मिसळली. "हे न्यूट्रॉन. हे कोनाले ढकलत नाही, नुसतं धरून ठेवते. ढीग लहान असला तं दोन्ही सारखे पुरते. मोठ्या ढिगाले न्यूट्रॉन जास्त लागते."

मला हसू आलं. नवऱ्याने टाकल्यापासून मी इथेच आहे. दोन भाऊ, दोन भावजया. एकीचा राग दुसरीपर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

मग तिने ढिगाचे दोन भाग केले आणि थोडी ज्वारी बाजूला सारली. "फुटल्यावर लहान ढिगाले इतके लागत नाही. हे बाहेर फेकल्या जाते."

"कुठी जाते मंग?"

"दुसऱ्या ढिगात घुसते, त्यालेबी फोडते. अन् पळत आलेल्यापेक्षा हळू आलेला जास्त फोडते. आत्या, तू तं माह्या आधी बारावी पास होशील."

ती गेल्यावर उरलेली ज्वारी मी परत ढिगात लोटली. पुस्तकातलं आपल्या घरी कशाला येईल, असं वाटलं.

पोळा झाला आणि भाऊ वेगळे झाले. वावर वाटलं, बैल वाटले, मधोमध भिंत आली. माझं नाव कोणी काढलं नाही. मीही विचारलं नाही. आता भावजया एकमेकींशी गोड बोलतात; मध्ये कोणी लागत नाही. धाकटी म्हणते, "बाई तिकडं जेवल्या असतीन." थोरलीही तेच समजते. कधी विचारलंच, "जेवल्या का, बाई?" तर मी "हाव, जेवले" म्हणते आणि पाणी पिऊन आडवी होते.

मेहकरहून बहिणीचा फोन येतो. "ये वं इकडं. माह्या घरी एक ताट जड नाही."

मी येते म्हणते. पण पिशवी भरायला हात उठत नाही. तिच्या दोन्ही सुनांची चूल अजून एक आहे. आणि मी कुठेही गेले तरी हळूच जाते, कोणाला कळू न देता.